बॉल नसताना तू कुठं होतास?

आमच्या कॉलेजच्या माजी फुटबॉल खेळाडूंचा मेळावा दरवर्षी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी भरतो. निमंत्रण पत्रिका नसते, हारतुरे नसतात. सकाळी सातला मैदानावर 'जुने विरुद्ध नवे' मॅच, मग मिसळ आणि मग ऊन चढेपर्यंत मांडवात गप्पा. हा पायंडा आमच्या कोचसरांनी पाडला. सर जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण मेळाव्याला खंड पडला तो फक्त कोरोनाच्या काळात. पुण्या-मुंबईत स्थायिक झालेली पोरं, पोरं म्हणायचं पण सगळे आजोबा झालेत, आदल्या रात्रीच्या गाडीने येतात. कितीतरी जण घरच्या लग्नाला एवढ्या वेळेवर पोचत नसतील.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला एक गोष्ट आधी सांगायला हवी. इथला फुटबॉल पेठेचा आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावं ऐकून परगावचा माणूस म्हणतो, हे तर कुस्तीचे आखाडे! त्याचं अगदीच चुकत नाही. ज्या तालमींत पोरं जोर-बैठका मारायची, त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. राजघराण्यानं या खेळाला आश्रय दिला आणि तो गल्लीगल्लीत रुजला. शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू झाला की शिवाजी पेठेत आणि मंगळवार पेठेत दुसरा विषय निघत नाही. ईर्षा तर अशी की मॅच संध्याकाळी संपते आणि वाद पुढच्या मॅचपर्यंत चालतो.

आता याच पेठांतली पोरं कॉलेजला एका संघात आली की काय होणार? आठवडाभरापूर्वी स्टेडियमवर ज्याच्या नडगीवर लाथ बसली, तोच आता शेजारी हाफला, म्हणजे मधल्या फळीत, खेळतोय. आम्ही एकमेकांना पासच द्यायचो नाही. आपल्या पेठेचा गडी दिसला की बॉल तिकडे, नाहीतर स्वतःच घेऊन पळायचं. शिवाजी विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धेत तेव्हा सांगली, साताऱ्याबरोबर सोलापूरचीही कॉलेजं असायची. तिथं अशी खेळी करून आम्ही एकदा सडकून हरलो.

सर ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक फर्मान काढलं : सरावाला येताना सायकलवर डबलसीट यायचं आणि मागच्या सीटवरचा गडी दुसऱ्या पेठेचा पाहिजे. जोड्या त्यांनीच लावल्या. माझ्या वाट्याला जो सेंटर फॉरवर्ड आला त्याच्याशी मी तोवर धड बोललोही नव्हतो. रोज पहाटे त्याच्या दारात जाऊन घंटी वाजवायची. त्याची आई चहा दिल्याशिवाय सोडायची नाही. चढाला तो उतरून सायकल ढकलायचा, परतताना मी मागे बसायचो. कधीकधी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर थांबून दोघं म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचो, पैसे ज्याच्याकडे असतील तो द्यायचा. महिना-दीड महिना असा गेल्यावर मैदानावर मान वर न करताही मला कळायला लागलं, तो आता कुठल्या बाजूला पळणार. सरांनी त्यावर भाषण कधी केलं नाही. सायकलीनं जे व्हायचं ते होऊ दिलं.

त्यांची खरी शिकवण मात्र दुसरीच. त्यांच्याकडे एक शंभरपानी वही असायची. गोल कुणी मारला हे त्या वहीत नसायचं. प्रत्येकाच्या नावापुढे बारीक रेघा असत : बॉल दुसऱ्याकडे असताना हा मोकळ्या जागेत किती वेळा पळाला, मागे परत किती वेळा आला, साथीदाराला किती वेळा हाक दिली. मॅच संपली की एकेकाला बाजूला घ्यायचे आणि विचारायचे, "बॉल नसताना तू कुठं होतास, ते सांग." आपण दोन गोल मारून छाती काढून उभे असायचो आणि सर वही उघडून दाखवायचे, "हे बघ लेका, सेकंड हाफमध्ये परत आलास तीनदा. तुझ्या जागेचं काम कुणी केलं? त्या लेफ्ट हाफनं. त्याला जाऊन सांग."

आणि खरोखर जाऊन सांगावं लागायचं.

ते म्हणायचे, नव्वद मिनिटांच्या मॅचमध्ये एका खेळाडूच्या पायात बॉल जेमतेम दोन-तीन मिनिटं असतो. पुढे शास्त्रीय मोजमापं निघाली तेव्हाही आकडा असाच लहानसा आला. सरांनी तो मनगटावरच्या घड्याळावर काढला होता. उरलेल्या वेळात तू काय करतोस, यावर तू खेळाडू आहेस की नाही ते ठरतं, असं त्यांचं म्हणणं. कॉलेज सुटल्यावर या एका वाक्यानं मला जेवढं सांभाळलं तेवढं दुसऱ्या कशानं नाही. ऑफिसात, घरात, आजारपणात, जिथं आपली पाळी नसते आणि कुणाचं लक्षही नसतं, तिथं सर वही घेऊन उभे असतात असं आजही वाटतं.

१९८६च्या जून महिन्यातली गोष्ट सांगतो. मेक्सिकोतला वर्ल्ड कप दूरदर्शनवर दिसत होता. तिथं दुपार असायची तेव्हा इथं रात्रीचे साडेअकरा. आमच्यापैकी फार थोड्यांच्या घरी टीव्ही होता. अर्जेंटिना-इंग्लंड मॅच सरांच्या दोन खोल्यांत सगळ्या टीमनं पाहिली. खिडकीबाहेर गल्लीतली माणसं उभी होती. मॅराडोनानं अर्ध्या मैदानातून एकेकाला चकवत तो दुसरा गोल केला तेव्हा आम्ही इतके ओरडलो की काकू, म्हणजे सरांच्या घरच्या, आतून धावत आल्या. सरही उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग खाली बसून म्हणाले, "आता डोळे मिटा आणि आठवा. त्याच्या बाजूनं दुसरे अर्जेंटिनाचे गडी कसे पळत होते? ते पळाले म्हणून इंग्लंडचे बॅक दोन मनात राहिले." आम्हाला काही आठवेना. आम्ही सगळ्यांनी फक्त मॅराडोनाच पाहिला होता! पुढे व्हिडिओवर तो गोल पुन्हा पाहिला. सरांचं म्हणणं खरं होतं, शेजारून एक जण शेवटपर्यंत पळत आलेला दिसतो.

मेळाव्यातली एक चाल अजून तशीच आहे. मिसळीची पहिली प्लेट राखीव गड्याला. आमच्या वेळी मॅचमध्ये दोनच बदल करता यायचे. त्यामुळे अख्खा हंगाम बाकावर बसून काढलेली मुलं असायची. रोज सरावाला यायची, मैदानावर फक्की मारून पांढऱ्या रेघा आखायची, पावसात फुगून जड झालेले चामड्याचे बॉल पुसून वाळवायची आणि टीम जिंकली की फोटोत कडेला उभी राहायची. सरांनी पहिल्याच मेळाव्यात अशा एकाला पुढे बोलावलं, हातात प्लेट दिली आणि त्यानं त्या वर्षी संघासाठी काय काय केलं ते सगळं वहीतून वाचून दाखवलं. स्टेडियमवर हजारो लोकांच्या टाळ्या घेतलेले आमचे फॉरवर्ड त्या दिवशी हेव्यानं त्या प्लेटकडे बघत होते. आता पाच बदल करता येतात, बाकावर बसायची वेळ कमी येते. तरीही पहिली प्लेट त्याच गड्याची.

काकू आता थकल्यात. पूर्वी हाफटाइमला त्यांनी पाठवलेला डबा फिरायचा, गूळ आणि भाजलेले शेंगदाणे. कोल्हापूरचा गूळ, त्याला वेगळं काय सांगायचं! डबा आजही येतो, नातू घेऊन येतो. आमच्यातल्या निम्म्यांना साखरेचा आजार आहे, पण त्या दिवशी गुळाला कुणी नाही म्हणत नाही.

२०१७च्या मेळाव्यात वेगळाच रंग होता. त्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला होता आणि आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला होता. भारत तिन्ही मॅच हरला. पण आपल्या गावचं पोरगं निळी जर्सी घालून वर्ल्ड कपात धावलं, याचं अप्रूप मांडवात मावत नव्हतं. आमचा जुना गोलकीपर सगळं ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "सर असते तर त्याच्या रेघा मोजल्या असत्या." सगळे हसले आणि मग बराच वेळ सरांवरच बोलणं चाललं.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. गावाच्या कितीतरी भागांत पाणी घुसलं. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं, पण मदतीला गेल्यावर ओळखीची तोंडं दिसायला लागली. कुणी दोरी धरलेली, कुणी म्हातारीला पाठुंगळी घेतलेलं, कुणी भाकऱ्यांचं गठुडं डोक्यावर. वेगवेगळ्या पेठांतले, सगळे आमच्या टीमचे. आमचा लेफ्ट हाफ, ज्याची स्टेडियमवर कधी टाळी वाजली नाही, तो सलग तीन दिवस एका शाळेत पूरग्रस्तांच्या जेवणाचं बघत होता. त्या वर्षीच्या मेळाव्यात पहिली प्लेट त्याला दिली. तो काही राखीव गडी नव्हता, पण कुणी हरकत घेतली नाही.

गेल्या काही वर्षांत कोल्हापुरात मुलींचा फुटबॉल चांगला जोर धरतोय. आमच्या कॉलेजातही मुलींची टीम आहे. तिला शिकवायला जो येतो, तो आमच्यानंतरच्या बॅचचा, दोन वर्षं बाकावर बसलेला गडी. यंदा 'जुने विरुद्ध नवे'च्या आधी मुलींची मॅच ठेवायची असं ठरलंय. त्यासाठी मैदान सहाला मोकळं लागेल, म्हणजे फक्की आदल्या संध्याकाळीच मारायला हवी. ते काम यंदा सेंटर फॉरवर्डनं आणि मी मागून घेतलंय.