सिकलसेलच्या दुखण्याचा जनुकीय अभ्यास आखताना : माझा अनुभव

एसएस पॅटर्नच्या (आई-वडील दोघांकडून सिकलचं जनुक आलेल्या) एका रुग्णाचं अंग वर्षातून एखाद्या वेळी ठणकतं, दुसऱ्याचं दर महिन्याला. यात जनुकांचा वाटा किती, हा माझ्या नर्सिंग संशोधनाचा प्रश्न. अख्खा जीनोम, म्हणजे माणसाचा संपूर्ण डीएनए, तपासायचा विचार लगेच सोडला. तिथे पी-व्हॅल्यू (काहीच संबंध नसताना केवळ योगायोगाने असा निकाल दिसण्याची शक्यता) ५×१०⁻⁸ च्या खाली लागते, म्हणजे हजारो नमुने. एका ओपीडीच्या भरवशावर ते जमत नाही.

मग निवडक मार्कर, म्हणजे डीएनएमधले माणसागणिक बदलणारे ठरावीक बिंदू. पहिल्या मसुद्यात एक्सएमएन-वन होता, कारण त्याचा संबंध एचबीएफशी (गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनशी), आणि एचबीएफ जास्त असेल तर आजार सहसा सौम्य. फसगत इथेच होते. आपल्याकडच्या बहुतेक एसएस रुग्णांत सिकलचं जनुक अरब-भारतीय हॅप्लोटाइपवर (एकत्रच वारशाने येणाऱ्या डीएनए-बदलांच्या गटावर) असतं आणि एक्सएमएन-वनचा बदल त्याच्यासोबतच येतो. गडचिरोली असो वा नंदुरबार, जवळपास सगळ्यांत तो सापडणार. १२० पैकी ११० जण सारखेच निघाले तर तुलना कुणाशी करायची? आफ्रिकी वंशाच्या रुग्णांवरचे पेपर वाचून मार्कर उचलला की असं होतं. तो काढला. एचबीएफशीच संबंधित बीसीएल११ए आणि एचबीएस१एल-एमवायबी या जनुकीय जागांवरचा प्रत्येकी एक मार्कर घेतला, शिवाय अल्फा थॅलेसेमियाचं (हिमोग्लोबिनच्या आणखी एका आनुवंशिक दोषाचं) ३.७ केबीचं डिलीशन, म्हणजे डीएनएचा गळालेला तुकडा. तीन चाचण्या, म्हणून पी-व्हॅल्यूची नेहमीची ०.०५ भागिले तीन, ०.०१७ ही मर्यादा.

रक्ताचं काम त्यामानाने सोपं. जांभळ्या टोपीच्या ईडीटीए ट्यूबमध्ये २ मिली, आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट. हिरव्या टोपीची चुकूनही नको, तिच्यातल्या हेपॅरिनने पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची चाचणी) अडतो. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलेल्याचा एचपीएलसीवरचा (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीतला) एचबीएफ धरायचा नाही. हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरच्या औषधाने एचबीएफ वाढतो, म्हणून डोस आणि सुरू केल्याची तारीख फॉर्मवर हवीच. पाच वर्षांखालची मुलं वगळली. त्यांचा एचबीएफ अजून उतरत असतो.

घाम फुटला तो दुखणं मोजताना. ‘वर्षात किती वेळा ॲडमिट झालात?’ हा प्रश्न सोपा, पण कुचकामी. दवाखान्यापासून ६० किलोमीटरवर राहणारा माणूस गोळी घेऊन घरीच पडून राहतो. मग आपण दुखणं नाही, एसटीचं अंतर मोजतो. शेवटी व्याख्या अशी ठरली : हातपाय, पाठ, छाती किंवा पोटात किमान चार तास दुखणं, दुसरं कारण नाही, औषध घ्यावं लागलं, मग ते घरी का असेना. त्यासाठी चेहऱ्यांच्या चित्रांची डायरी आणि आठवड्याला एक फोन. डायरी सहा महिने ठेवायची होती, पण थंडीत बऱ्याच जणांचं दुखणं वाढतं. ऑक्टोबरात आलेला आणि मार्चमध्ये आलेला एका मापाने मोजायचा, तर पूर्ण १२ महिने हवेत.

एका घरातला एकच रुग्ण घेतला. भावंडं घेतली की तेच जनुक दोनदा मोजलं जातं. आई-वडिलांचे नमुने मुद्दाम टाळले. पितृत्वाचा प्रश्न उभा राहिला तर तो कुणी आणि कसा हाताळायचा, याची तयारी आमच्याकडे नव्हती.

एथिक्स कमिटीने संमतीपत्र एकदा परत पाठवलं. एकाच सहीत तीन गोष्टी कोंबल्या होत्या : रक्त देणं, डीएनए साठवणं, पुढच्या अभ्यासाला वापरणं. आता तिन्हींना वेगळे चौकोन आहेत, आणि १२ ते १८ वयाच्या मुलांची लेखी सहमती पालकांच्या सहीबरोबरच वेगळी. तिसऱ्या चौकोनात ‘नाही’ असेल तर त्या ट्यूबच्या कोडपुढे ‘न’ लिहिलेला असतो, म्हणजे अभ्यास संपल्यावर फ्रीझरमधून नेमकी तीच काढून नष्ट करता येते.