किनारा, पठार, डोंगर आणि एक डबल बेस

यंदाच्या दौऱ्याचा मार्ग असा होता: आधी समुद्रकाठचं एक बंदर, तिथून रेल्वेने पठारावरचं कोरडं शहर, मग विमान, आणि शेवटी डोंगरात उघड्यावर भरणारा महोत्सव. आम्ही चौघं. पियानोवादकाला वाद्य जागेवर मिळतं, सॅक्सोफोन पाठीवर मावतो, ड्रमर झांजा आणि काठ्या घेऊन निघतो. माझ्याकडे थ्री-क्वार्टर आकाराचा डबल बेस, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं उभं धरून वाजवायचं सगळ्यात मोठं वाद्य. बहुतेक जण हाच आकार वाजवतात आणि तोही उंचीला १८० सेंटिमीटरच्या आसपास, वजनाला १० किलोच्या आगेमागे. त्यामुळे कुठल्या गाडीने जायचं, कुठल्या दाराने शिरायचं, किती आधी पोहोचायचं, हे सगळं आमच्यात आधी बेसच्या हिशोबाने ठरतं. बेस घेऊन नव्याने कार्यक्रम करू लागलेल्यांना उपयोगी पडेल असं या वाटेवर पुष्कळ होतं, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

बंदरापर्यंत मोटारीने गेलो. एल्व्हिस प्रेस्लीच्या सुरुवातीच्या दौऱ्यांत बिल ब्लॅक यांचा बेस मोटारीच्या टपावर बांधून नेत असत. हल्ली मागचं दार वर उघडणारी छोटी गाडीही पुरते. मागच्या सीट पाडायच्या, चालकाशेजारची सीट पूर्ण मागे झुकवायची आणि मागच्या दारातून बेस मानेकडून आत सरकवायचा. तो कुशीवर नाहीतर पाठीवर निजवावा. ब्रिजच्या, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या लाकडी घोडीच्या, बाजूवर कधीही नाही. मान जिथे धडाला जुळते तिथे खाली जाड उशी ठेवली की खड्ड्यात गाडी आदळली तरी स्क्रोल (मानेच्या टोकाची वळी) कशावर आपटत नाही. टेलपीसच्या (तारांची खालची टोकं अडकवलेल्या तुकड्याच्या) खाली मऊ कापडाची घडी सरकवून ठेवतो. वाटेत ब्रिज पडलाच तर टेलपीस थेट फळीवर आपटून खड्डा पडतो, तो या घडीमुळे टळतो.

वाटेत थांबलो की बेसही गाडीतून उतरतो, यात मी कुणाचं ऐकत नाही. बंद गाडी उन्हात तापली की सरस मऊ पडतो. बेसची पुढची-मागची फळी कडेच्या पट्ट्यांना प्राणिज सरसाने जोडलेली असते, आणि हा जोड जाणूनबुजून जरा कमकुवत ठेवतात. लाकडावर ताण आला तर सांधा उघडावा, फळी चिरू नये, एवढ्यासाठी. उघडलेला सांधा कारागीर पुन्हा चिकटवून देतात; चिरलेली फळी हे मात्र मोठं आणि खर्चाचं काम असतं.

बंदरावर हवा इतकी ओली होती की चष्म्यावर वाफ धरत होती. मंडप समुद्राला लागून होता. बेस बॅगेतून काढला, वाऱ्याबाहेरच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून उभा केला आणि अर्धा तास त्याला हात लावला नाही. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे: पोहोचल्यावरचा पहिला अर्धा तास लाकडाचा. घाईघाईने सूर लावला तर तो पहिल्या गाण्यातच हलणार. ओल्या हवेत लाकूड फुगतं, पुढची फळी किंचित वर येते, तिच्याबरोबर ब्रिज उचलला जातो आणि तारा फिंगरबोर्डपासून, म्हणजे ज्या पट्टीवर बोटांनी तारा दाबतात तिच्यापासून, दूर जातात. तिथे तसंच झालं. डाव्या हाताला पहिल्याच स्केलमध्ये जोर लागायला लागला. ब्रिजच्या दोन्ही पायांत उंची कमी-जास्त करणारे अ‍ॅडजस्टर असतील तर हा त्रास दोन मिनिटांत संपतो. तारा थोड्या सैल करायच्या, दोन्ही चाकं सारखीच फिरवायची, पुन्हा सुरात आणायच्या. किती फिरवलं ते मी वहीत लिहितो.

सैल करताना सगळ्या तारा एकदम सोडू नयेत. आतला साउंडपोस्ट, म्हणजे छोटा लाकडी दांडा, कुठेही चिकटवलेला नसतो, दोन फळ्यांच्या दाबावर उभा असतो. तो पडला तर जाणकार कारागिराशिवाय पुन्हा उभा राहत नाही. आणि तारा ताणताना ब्रिजचं वरचं टोक हळूहळू फिंगरबोर्डकडे ओढलं जातं. बाजूने वाकून पाहावं. टेलपीसकडची कड फळीशी काटकोनात दिसली पाहिजे. नसेल तर दोन्ही हातांनी धरून, अंगठ्यांनी अलगद मागे घ्यावं. ब्रिजच्या पायांभोवती पेन्सिलीची बारीक खूण असली तर जागाही लगेच तपासता येते.

तिथून रेल्वे. बेस न्यायची लेखी परवानगी मी आधीच घेऊन मोबाइलमध्ये ठेवतो, कारण फोनवर मिळालेला होकार डब्याच्या दारात कामाला येत नाही. एंडपिन, म्हणजे बेस ज्यावर उभा राहतो तो बुडाचा दांडा, काढून तिथे हवा भरलेलं चाक बसवलं की फलाटावर बेस एका हाताने चालतो. मात्र दगडी फरसबंदी लागली की बेस उचलून घ्यावा, कारण चाकाचा प्रत्येक हिसका बेसच्या बुडाच्या ठोकळ्यात जातो. डब्यात तो आडवा कुशीवर, ब्रिज भिंतीकडे, पट्ट्याने बांधलेला. मी समोर बसलो. पाच-सहा वर्षांच्या एका मुलीने आत माणूस आहे का असं विचारलं, तेव्हा बॅग थोडी उघडून तिला खालची ई तार छेडू दिली. पुढे तासभर तिच्या घरच्यांनीच बेसवर लक्ष ठेवलं!

पठारावर उलट तऱ्हा. हवा कोरडी, खोलीत वातानुकूलन. सकाळी तारा फिंगरबोर्डला टेकून खरखरत होत्या, कारण फळी खाली बसली होती. अ‍ॅडजस्टर आता वर. बॅगेत छोटा आर्द्रतामापक असतो. ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये काटा असला की मी निश्चिंत. त्याहून खाली गेला तर एफ आकाराच्या छिद्रातून ओलसर स्पंजाची नळी आत सोडतो, नीट पिळून, थेंब न गळेल अशी. हॉटेलच्या खोलीत बेस गार हवेच्या झोतापासून लांब. मग बोटांच्या पेरांनी कडेकडेने ठोकत एक फेरी मारतो. सांधा उघडला असेल तिथे आवाज बदलतो, सैल ठोकळ्यासारखा येतो.

या शहरातला हॉल मोठा होता, आणि अँपवर (अँप्लिफायरवर) बेस वाजवणाऱ्याने जे शिकायला हवं ते अशाच ठिकाणी शिकायला मिळतं. बेसची सगळ्यात खालची ई साधारण ४१ हर्ट्झची. हवेत तिची एक लाट आठ मीटरहून लांब असते. म्हणून अँपजवळ उभं राहून जे ऐकू येतं आणि दहाव्या रांगेत जे पोहोचतं त्यांचा मेळ नसतो. साउंडचेकला मी लांब केबल लावून शक्य तितका खाली उतरतो, नाहीतर सॅक्सोफोनवाल्याला तिथे जाऊन ऐकायला सांगतो. त्यात रंगमंच लाकडी आणि खालून पोकळ. अँप थेट जमिनीवर ठेवला की सगळा मंच गुरगुरायला लागतो. तो खुर्चीवर, कानाच्या जवळ आला की आवाज कमी ठेवूनही स्वतःचं वाजवणं स्पष्ट ऐकू येतं, आणि सूर तिथेच सुधारतो.

फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज पुन्हा वाद्यात शिरून होणारी घरघर, सुरू झाला की पुष्कळ जण आधी बेसचा आवाजच उतरवतात. त्याआधी तीन गोष्टी करून पाहाव्यात. प्रीअँपवरचा (अँपच्या आधी आवाज तयार करून देणाऱ्या डबीवरचा) हाय-पास फिल्टर चढवत न्यावा. बेसच्या सर्वांत खालच्या सुरांखालचा गडगडाट कुणालाच नको असतो. मग फेजचं बटण उलटं करून बघावं, कित्येकदा तेवढ्याने शांत होतं. तरीही एखादा ठराविक सूर ओरडत असेल तर नॉच फिल्टरने तोच कापावा. आणि अँपसमोर उभं असाल तर एक पाऊल बाजूला सरकावं, बेसची मोठी फळी स्वतःच आवाज झेलत असते. पिएझो पिकअप (वाद्याचं कंपन टिपून त्याचा विद्युत संकेत करणारा तुकडा) थेट मिक्सरला जोडू नका. त्याला किमान १ मेगाओम विद्युत रोधाचा इनपुट लागतो. तो न मिळाल्यास आवाज पातळ आणि चिरका येतो. प्रीअँप पिकअपला अनुरूप निवडला की निम्मं काम झालं. ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे मिक्सरमधून केबलवाटे येणारी वीज, चालू-बंद करताना ध्वनिसंयोजकांना चॅनेल म्यूट करायची विनंती करावी, नाहीतर स्पीकरमधून धडाका येतो. आणि त्यांना नावाने हाक मारा, आल्या आल्या ओळख करून घ्या. रात्री तुमचा आवाज त्यांच्या हातात असतो.

विमानासाठी मी बेस नेला नाही. बेसची कडक प्रवासपेटी आणि बेस मिळून सहज ३२ किलोंच्या वर जातो, आणि त्याहून जड बॅग बहुतेक विमान कंपन्या साधं सामान म्हणून घेत नाहीत. मान निघणारे बेस हा चांगला उपाय आहे, पण ती सोय वाद्यात आधीच करून घ्यावी लागते. माझा बेस पठारावरच्या एका बेसवादक मित्राकडे ठेवला आणि आयोजकांकडे स्थानिक बेस मागितला. असं मागताना नुसतं ‘डबल बेस हवा’ लिहू नये. तारेची लांबी विचारावी. १०४ ते १०६ सेंटिमीटर असेल तर हात लवकर रुळतो. मान डी आहे की ई-फ्लॅट, हेही विचारावं: अंगठा मानेच्या खोबणीत टेकवला असता पहिलं बोट जी तारेवर कुठल्या सुरावर पडतं, यावरून ती ठरते. सवय एकीची आणि हातात दुसरी आली तर वरच्या जागेवरचे सूर अर्ध्या स्वराने चुकतात. अ‍ॅडजस्टर आहेत का, तारा स्टीलच्या की तातीच्या, पिकअप कोणता, हे सगळं आधी पत्रात.

सोबत माझा बो (तारांवर फिरवायचा गज), पिकअप, प्रीअँप आणि वापरलेल्या तारांचा एक संच घेतला. नव्या तारा ताणल्या जात राहतात, ऐनवेळी जुन्याच विश्वासू. बो कार्बन फायबरचा नेला. बोसाठी वापरलं जाणारं पर्नाम्बुको लाकूड २००७ पासून साइट्स कराराच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये आहे आणि जुन्या बोच्या टोकाला हस्तिदंत असेल तर नियम आणखी कडक होतात. सीमा ओलांडायची असेल तर कागदपत्रं आधी बघावीत.

डोंगरात दुपारी ऊन आणि संध्याकाळी बोचरा गारवा. काळा फिंगरबोर्ड उन्हात इतका तापतो की बोट टेकवत नाही, म्हणून आमची वेळ येईपर्यंत बेस सावलीत, कुशीवर निजवलेला. वाऱ्यात स्टँडवर उभा बेस शिडासारखा कलतो, तिथे कुणी धरून उभं असलं तरी मला धीर नसतो. बोच्या केसांना लावायचं मऊ रोझिन (राळ) उन्हात डबीबाहेर ओघळतं, ती डबी उभीच ठेवावी. गार झाल्यावर स्टीलच्या तारांचा सूर चढला; प्रत्येक दोन गाण्यांमध्ये ट्यूनर बघून उतरवत गेलो. बोटं गारठू नयेत म्हणून वाजवण्याआधी पंधरा मिनिटं हातमोजे घालून पिझिकातोचा (बोटांनी तारा छेडण्याचा) सराव केला. मंचावर एंडपिनच्या रबरी टोकाखाली जाड सतरंजीचा तुकडा टाकला, कारण दवाने फळ्या निसरड्या झाल्या होत्या.

कार्यक्रम चांगला झाला. उसना बेस मानेत जरा जाड होता, पण त्याची ए तार अशी भरीव बोलत होती की सॅक्सोफोनवाल्याने एका गाण्यात सोलो मध्येच थांबवून मला आणखी एक आवर्तन दिलं.

सकाळी बेस परत केला. वहीत लिहिलेले अ‍ॅडजस्टरचे फेरे उलटे फिरवून उंची जशी होती तशी केली, माझा पिकअप काढला, तारांवरचं रोझिन कोरड्या कापडाने पुसलं. खालच्या बाजूला, एंडपिनजवळ, ठोकताना आवाज बदलत होता. ती जागा मालकांना बोटाने दाखवली. त्यांनी कागदाची पट्टी सरकवून पाहिली, ती आत गेली, आणि त्यांनी तिथेच कारागिराला फोन लावला.