साठ दिवस आणि एक गोधडी

डिसेंबर २०१९ मध्ये आम्ही 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या पोर्टलवर नाव नोंदवलं, तेव्हा लग्नाला नऊ वर्षं झाली होती. संस्थेतलं मूल दत्तक घ्यायचं तर देशभरात याच एका यादीतून जावं लागतं. कागदपत्रं पंधरा दिवसांत चढवली. फेब्रुवारीत सोशल वर्कर ताई घरी आल्या. त्यांनी सासूबाईंना वेगळं बसवून विचारलं, "आजी, तुम्हाला चालेल ना?" आई म्हणाल्या, "चालेल काय, मी दुपटी शिवायला घेतलीत."

पुढे नुसती वाट पाहणं. रोज रात्री पोर्टल उघडून यादीतला नंबर बघायचा.

दुसऱ्या वर्षी ओळखीतल्या एका बाईंनी निरोप आणला. कुठल्याशा दवाखान्यात एक मुलगी बाळंत होणार आहे, जन्माच्या दाखल्यावर थेट तुमचीच नावं घालून देतील, एवढे पैसे द्या. खोटं कशाला सांगू, त्या रात्री आम्हा दोघांना झोप लागली नाही. सकाळी ताईंना फोन केला. मूल विकत घेणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होते, हे त्यांनी सांगितलंच. पण माझ्या मनात राहिलं ते दुसरंच. त्या म्हणाल्या, "बाल कल्याण समितीपुढे बाळ सोपवलं तरी आईला फेरविचाराला साठ दिवस असतात. त्या दिवसांत ती बाळ परत नेऊ शकते. या व्यवहारात तिला एक दिवस तरी मिळेल का?" आम्ही नाही म्हणून कळवलं.

तीन वर्षं झाल्यावर गृहभेटीच्या अहवालाची मुदत संपली, तो पुन्हा करून घेतला. आणि मार्च २०२३ मध्ये एका सकाळी मेसेज आला. अकरा महिन्यांची मुलगी, विदर्भातली संस्था. हो म्हणायला ४८ तास. फोटो, माहिती आणि वैद्यकीय अहवाल घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे धावलो. वजन कमी, हिमोग्लोबिन कमी. डॉक्टर म्हणाले, "खाऊपिऊ घाला, भरून येईल." संध्याकाळच्या आत होकार दिला.

कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं निघालो, दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याला उतरलो. ती आमच्याकडे आलीच नाही. सांभाळणाऱ्या मावशींचा पदर मुठीत धरून बसली होती. आम्ही सतरंजीवर दोन तास नुसते बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या हातून पेजेचे चार चमचे खाल्ले. निघताना मावशींनी तिची गोधडी माझ्या हातात दिली, कोपऱ्यावर दुधाचा डाग होता. म्हणाल्या, "एवढ्यात धुऊ नका. वास राहू द्या तिला." आणि तोंड फिरवून आत गेल्या.

दत्तकाचा आदेश येईपर्यंत ती आमच्याकडे पूर्वदत्तक संगोपनात, म्हणजे दत्तक पक्कं होण्याआधीच्या सांभाळात होती. १ सप्टेंबर २०२२ पासून हा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, त्यामुळे आमचं काम तिथेच झालं. मग आमच्या नावांचा जन्मदाखला मिळाला. सुट्टीच्या नियमाचा मात्र मला मनापासून राग आहे. तेव्हाच्या कायद्यात दत्तक आईला बारा आठवड्यांची रजा होती, पण बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच. साठ दिवस फेरविचाराचेच, त्यावर कागदपत्रं. इतकं लहान बाळ हातात येणार कसं? मी साठवलेली हक्काची रजा वापरली. ज्यांच्याकडे तीही नसते, त्यांनी काय करायचं?

माझ्या लेकीच्या जन्मदात्रीलाही ते साठ दिवस मिळाले होते. त्यातला एक दिवस जरी ती परत आली असती, तर ही माझी झाली नसती. लेकीच्या वाढदिवसाला हे आठवतं आणि देवापुढे आम्ही दोन दिवे लावतो.

दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याची भेट झाली. शेवटच्या भेटीच्या आदल्या दिवशी मी धुणं भिजवत होते. लेक ती गोधडी फरफटत घेऊन आली आणि स्वतःच बादलीत टाकून म्हणाली, "आई, हिला पण साबण लाव." मी लावला. वाळत घालताना डाग बघितला. गेला नव्हता.