स्मोकर २२५ ला का जाईना

शनिवार, रात्र

स्मोकर, म्हणजे मांस धुरावर हळूहळू शिजवणारी माझी विजेची पेटी, आज २२५ फॅरनहाइटवर चढला आणि तिथे टिकला. गेले काही वीकएंड तो १७० च्या आसपास रेंगाळायचा आणि चिकन शेवटी ओव्हनमध्ये ढकलावं लागायचं. हे नुसतं चवीचं दुखणं नव्हे. ४० ते १४० अंशांत जीवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून अमेरिकेचं कृषी खातं स्मोकर २२५ ते ३०० दरम्यान ठेवायला आणि चिकन आतून १६५ झाल्यावरच खायला सांगतं. धूर कितीही छान येवो, अर्धवट तापलेल्या पेटीत मांस तासन्‌तास ठेवणं मला पटत नाही.

ही म्हणाली, "एवढी डोकेफोड कशाला? नवीन घेऊन टाक ना." पण नेमकं काय बिघडलंय हे कळायच्या आत वस्तू टाकून देणं माझ्या जिवावर येतं. आणि आत असतं तरी काय? तापणारी कॉइल, सेन्सर, कंट्रोलर, एक सेफ्टी कटआउट (फार तापलं तर वीज तोडणारा) आणि चार वायरी.

सुरुवात पडद्यावरच्या आकड्यापासून. वेगळा थर्मामीटर आधी बर्फाच्या पाण्यात बुडवला, बरोबर ३२. मागच्या भिंतीवरच्या सेन्सरवर धुराचा चिकट काळा थर बसला होता, तो व्हिनेगरच्या फडक्याने पुसला. मग थर्मामीटर मधल्या जाळीवर, भिंतीला न टेकवता ठेवला. दोन्ही आकडे पाच-सहा अंशांच्या फरकाने जुळले. इथेच निम्मं कोडं सुटलं. ते जुळले नसते तर संशय सेन्सरवर गेला असता. दोन्ही सारखेच कमी, म्हणजे पेटीत उष्णताच पुरेशी पोचत नाही.

(पोर्क शोल्डरसारखा, म्हणजे डुकराच्या खांद्याचा मोठा तुकडा आतून १५०-१७० च्या दरम्यान अडून बसतो, ते वेगळं. वरचा ओलावा उडताना मांस गार करतो, माठातल्या पाण्यासारखं. त्यासाठी यंत्र उघडू नये.)

पुढे वीज. लांब, बारीक एक्स्टेंशन कॉर्डमध्ये व्होल्टेज पडतं, आणि १२० चे १०८ झाले तर ८०० वॉटच्या कॉइलचे साडेसहाशेच उरतात. स्मोकर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला. फरक शून्य.

मग प्लग काढून, पेटी गार होऊ देऊन मागची पट्टी उघडली. १२० व्होल्टवर ८०० वॉट, म्हणजे कॉइलचा रोध १८ ओहम यायला हवा. मल्टिमीटरवर जवळजवळ तेवढाच आला. कॉइल ठणठणीत.

दोष होता कॉइलच्या टोकावरच्या लगमध्ये, म्हणजे वायर जोडणाऱ्या धातूच्या टोपणात. त्यावरचं प्लॅस्टिक करपून कडक झालं होतं, धातू निळा-काळा पडला होता, आणि जरा हलवताच लग हातात निघून आला, वायरचे दोन-तीन तंतू त्यातच तुटून राहिले. सैल जोड तापतो, तापला की धातूवर ऑक्साइडचा थर चढतो, थर चढला की आणखी तापतो. गार असताना टेकत होता, तापला की सुटत होता. म्हणून १७० पर्यंत सगळं सुरळीत आणि पुढे काही नाही!

वायर लखलखीत तांबं दिसेपर्यंत कापली आणि जास्त उष्णता सोसणारा, निकेलचा मुलामा दिलेला लग क्रिंप केला, म्हणजे पक्कडीने दाबून घट्ट बसवला. सोल्डर मुद्दाम टाळलं. नेहमीचं शिसं-कथलाचं सोल्डर १८३ सेल्सिअसला वितळायला लागतं, कॉइलच्या टोकाशी त्याचा भरवसा नाही. दुसऱ्या टोकाचा लग वरून बरा दिसत होता, तरी तोही बदलला.

त्यानंतर पेटी २१५ ते २३५ मध्ये वर-खाली होत राहिली. थर्मोस्टॅट कॉइल चालू-बंद करतो, तेव्हा एवढं चालायचंच. त्यासाठी बटणं दाबत बसायची गरज नाही. आलं-लसूण लावलेल्या लेग पीसनी आतून १६५ ओलांडलं, या वेळी ओव्हनशिवाय. उद्या पहाटे पोर्क शोल्डर लावायचा आहे. तो उतरला की मागची पट्टी पुन्हा उघडून दोन्ही लग बघून घेईन.