गेम लावला की पीसी बंद पडतो, कार्ड गेलं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. कोल्हापुरात पीसी असेंबल करून देणाऱ्याला हा प्रश्न ठरलेला असतो: "दादा, बाकी सगळं मस्त चालतंय, पण जड गेम लावला की बंद पडतोय बघा. ग्राफिक्स कार्ड गेलं काय?" विचारणारा बहुतेक कॉलेजचा पोरगा असतो. घरच्यांना पटवून, पैसे साठवून त्यानं एकेक पार्ट घेतलेला असतो आणि नवं कार्ड म्हणजे पुन्हा पंचवीस-तीस हजार. त्यामुळे माझं पहिलं सांगणं कायम तेच असतं. कार्डाला अजून हात लावू नकोस, आधी तो बंद कसा पडतो ते नीट बघून सांग.

बंद पडायच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीचा संशयित वेगळा. स्क्रीन काळी झाली पण गेमचा आवाज चालूच राहिला, तर ड्रायव्हर (विंडोज आणि कार्ड यांना जोडणारं सॉफ्टवेअर) किंवा कार्डाकडे बघायचं. कार्डानं साधारण २ सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर पुन्हा चालू करायचा प्रयत्न करतं आणि तशी नोंदही ठेवतं. गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसतो आणि दर वेळी एरर वेगळाच येतो, तर मी रॅम तपासतो. दर वेळी त्याच जागी तोच एरर येत असेल तर दोष बहुधा गेमच्या फाइलींत असतो. आणि मेन स्विच पाडावा तसा अख्खा पीसी एका क्षणात विझत असेल, तर आधी वीज कुठून कशी येते ते शोधायचं.

या शेवटच्या प्रकारात पोरं इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडतात, तिथं लाल खुणेचं 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं आणि तेच कारण धरून नवा पॉवर सप्लाय (कॅबिनेटमध्ये सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा) आणतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. ते आपल्याला आधीच माहीत आहे. तिच्या आसपास 'व्हिया-लॉगर' (WHEA-Logger) नावाची नोंद आहे का ते बघा. ती असेल तर हार्डवेअरनं स्वतः तक्रार नोंदवलेली असते आणि शोध प्रोसेसर, रॅम किंवा कार्डाच्या स्लॉटकडे वळतो.

राजारामपुरीतल्या एका घरी पीसी फक्त संध्याकाळी बंद पडायचा. सकाळी तोच गेम तासन्‌तास चालायचा. यूपीएस असल्यामुळे लाईटचा प्रश्नच नाही, असं घरच्यांचं ठाम मत होतं. मी विचारलं, बंद पडताना मॉनिटरवरचा दिवा चालू राहतो का? तर तोही विझायचा. हे कळल्यावर कॅबिनेट उघडायची गरजच राहिली नाही, कारण पीसी आणि मॉनिटर एकाच वेळी जात असतील तर दोष दोघांच्या मागे, बाहेर आहे. यूपीएस ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, खोक्यावरचा मोठा आकडा) होता, म्हणजे खरी ताकद ३६० वॉट. लाईट असेपर्यंत तो आलेलीच वीज पुढं पाठवतो. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो, आपल्याला कळतही नाही. त्या वेळी ब्राउझर चालू असेल तर शंभरेक वॉटचं ओझं तो आरामात पेलतो. जड गेममध्ये मात्र तो पीसी मॉनिटरसकट ४०० च्या वर जात होता. कार्ड, रॅम, प्रोसेसर सगळं ठणठणीत होतं आणि ते लोक कार्ड विकायला निघाले होते! आपल्याकडे यूपीएस घेताना सगळे व्हीएचा आकडा बघतात. खोक्यावर वॉट किती लिहिलेत ते बघा, कळकळीनं सांगतोय.

यूपीएस ठीक असेल तर मग पॉवर सप्लाय. कार्डाच्या खोक्यावर २२० वॉट लिहिलेलं असलं तरी काही मिलिसेकंदांपुरतं ते त्याच्या दुपटीच्या आसपास ओढू शकतं. बारीक सप्लाय हा झटका बघून स्वतःला वाचवायला बंद होतो, कधी कधी मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय उठतही नाही. २०२२ साली आलेल्या पॉवर सप्लायच्या एटीएक्स ३.० मानकात असे झटके सोसायची अट घातली, ती याचसाठी. '८० प्लस'चा शिक्का विजेची बचत सांगतो, सप्लाय किती दमदार आहे ते नाही.

इथं एक फुकटची चाचणी आहे आणि ती मला फार आवडते. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा, फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० वर बांधा आणि तोच गेम खेळा. आता टिकला, तर वीज किंवा कार्ड यांपैकी एक. कार्डाला दोन ८-पिन जोड असतील तर सप्लायपासून दोन वेगळ्या केबल न्या. एकाच केबलची दोन टोकं वापरलेले पीसी मला सारखे दिसतात.

रॅमसाठी बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम जादा वेगानं चालवायचं प्रोफाइल, बंद करा. खोक्यावरचा ३२०० हा वेगाचा आकडा बऱ्याचदा त्या प्रोफाइलचा असतो आणि ते खरं तर ओव्हरक्लॉकिंगच आहे. बंद केल्यावर क्रॅश थांबले तर दिशा मिळाली. मग मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर रात्रभर लावा. त्यात एकही एरर आला तरी रॅम नापास, 'एवढं चालतंय' म्हणायचं नाही.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे वरचे डेस्कटॉप प्रोसेसर असतील तर आणखी एक गोष्ट. गेम सुरू होताना शेडर (चित्र रंगवायचे छोटे प्रोग्रॅम) बनत असतात, तेव्हा 'व्हिडिओ मेमरी संपली' असा एरर येतो, सगळे कार्डाला दोष देतात आणि मूळ प्रोसेसरमध्ये असू शकतं. जादा व्होल्टेजनं हे प्रोसेसर खराब होतात हे इंटेलनं २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्टपासून मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, बायोस अपडेटमधून येते) दिला आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. बायोस अपडेट कराच, पण आधीच खराब झालेला प्रोसेसर त्यानं सुधारत नाही. तो वॉरंटीतच द्यावा लागतो.

गरमीचं थोडक्यात. एप्रिलात लोक आधी तिलाच धरतात. तापलेला प्रोसेसर पहिल्यांदा स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजे गेम अडखळायला लागतो. न अडखळता एकदम विझणारा पीसी गरमीमुळे गेला असेल असं मी सहसा मानत नाही. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरवर तापमानाचे आकडे बघा आणि पुढं चला.

पेठांमधल्या जुन्या घरांत कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ते अर्थिंग नसल्याचं लक्षण. क्रॅशशी त्याचा संबंध असो वा नसो, आधी वायरमनला बोलवा. हे काम उद्यावर टाकू नका.

एवढं करूनही थांबत नसेल तर मित्राचा पॉवर सप्लाय एका दिवसासाठी मागून आणा आणि फक्त तेवढाच बदला. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशानं बरं झालं ते कळत नाही. आणि सप्लाय मॉड्युलर (केबल काढता-लावता येणारा) असेल तर त्याच्या केबलही त्याच्याच घेऊन या. सप्लायकडचं टोक नेमकं बसतं म्हणून आपल्याच जुन्या केबल लावायचा मोह होतो, पण आतल्या पिनांची जुळणी कंपनीप्रमाणे बदलते आणि हार्ड डिस्क जळू शकते. त्यातले फोटो आणि प्रोजेक्ट मला परत आणून देता येत नाहीत.