मॉलच्या पोटातली होम प्लेट

मिनेसोटात कपड्यांवर आणि बुटांवर विक्रीकर नाही. त्यामुळे मिनियापोलिसला कुणाकडे गेलेला मराठी माणूस मॉल ऑफ अमेरिकात गेल्याशिवाय परत येत नाही. माझ्याही खिशात यादी होती: दोघांचे बूट, एकाचं जॅकेट, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मुलीसाठी बॅग. धाकटी बहीण गाडीत बसल्याबसल्या यादीवर खुणा करत होती. हायस्कुलात जाणारा भाचा मात्र अट घालून बसला होता, "मामा, आधी होम प्लेट बघायची. मग तुम्ही दोघं काय ते बूट घ्या."

तो बेसबॉलवेडा. मी क्रिकेटवर वाढलेला, तरी प्रवासात अशा पोरांचं ऐकावं हा माझा नियम आहे. ती नेतात तिथं टुरिस्ट बस जात नाही.

मॉलच्या बरोबर मध्ये सात एकरांचं, काचेच्या छताखालचं करमणूक उद्यान आहे. डोक्यावरून रोलर कोस्टर धडधडत जातो, खाली खरीखुरी झाडं वाढलेली, आणि पोरांच्या किंचाळ्या थांबत नाहीत. हिवाळ्यात बाहेर पारा शून्याच्या कितीतरी खाली असताना या भागाला वेगळी हीटिंग लागत नाही. काचेतून येणारं ऊन, दिवे आणि माणसांच्या अंगाची ऊब यांवर भागतं. या गर्दीत, उद्यानाच्या वायव्य कोपऱ्यात, फरशीत एक पंचकोनी धातूची पाटी बसवलेली आहे. मेट्रोपॉलिटन स्टेडियम, होम प्लेट, 1956 ते 1981. आज मॉल आहे तिथं पूर्वी हे बेसबॉलचं मैदान होतं. बॅट्समन उभा राहतो ती जागा. आम्ही पोचलो तेव्हा एक बाई त्या पाटीवरच बाबागाडी लावून फोनवर बोलत होती. भाचा तिथं घुटमळला, खाकरला. बाई हलल्यावर त्यानं पाटीशेजारी पाय रोवले, नसलेली बॅट खांद्यावर घेतली आणि समोर बघायला सांगितलं. "वर, मामा. लाल खुर्ची."

पाण्यातून लाकडी ओंडक्यांच्या होड्या घसरत येतात त्या राइडच्या वर, भिंतीवर उंच, एकच लाल घडीची खुर्ची टांगलेली आहे. त्या उंचीवर बसायला कुणी जाणं शक्य नाही. 3 जून 1967 ला हार्मन किलब्रू या इथल्या फलंदाजानं मारलेला चेंडू स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर जिथं जाऊन आदळला, तिथली ही जागा. अंतर 520 फूट. प्लेटजवळ उभं राहून मान वर करून खुर्चीकडे बघितलं की तो फटका काय होता ते कळतं. एरवी बेसबॉलची आकडेवारी माझ्या डोक्यावरूनच जाते. मॉलच्या दक्षिणेच्या रस्त्यालाही किलब्रूचंच नाव आहे.

किलब्रूचे दिवस चांगले होते. मला जास्त रस वाटला तो पाटीवरच्या दुसऱ्या सालात. 1981. मैदानाचं शेवटचं वर्ष, मिनेसोटा ट्विन्स या इथल्या बेसबॉल संघाचं अत्यंत वाईट वर्ष, आणि खेळाडूंच्या संपाचं वर्ष. तिन्ही एकाच उन्हाळ्यात. भाच्याला त्या वर्षाची खडान्‌खडा माहिती होती, कारण त्याच्या मते ट्विन्सची खरी गोष्ट तिथून सुरू होते.

संघ 1961 मध्ये वॉशिंग्टनहून इथं आला. मालक कॅल्विन ग्रिफिथ. बाकी मालकांचे दुसरे धंदे होते, यांचं घर बेसबॉलवरच चालायचं, त्यामुळे हात आखडता. 1975 च्या डिसेंबरात पीटर साइट्झ नावाच्या लवादानं निकाल दिला आणि खेळाडू जन्मभर एकाच मालकाच्या दावणीला राहण्याची पद्धत मोडली. करार संपला की खेळाडू मोकळा, जो जास्त देईल त्याच्याकडे जाणार. ग्रिफिथना हे परवडणारं नव्हतं. लॅरी हायसल, लायमन बोस्टॉक, बिल कॅम्पबेल एकेक करून गेले. 1979 साल उजाडताना रॉड कॅर्यू हा त्यांचा सर्वांत मोठा फलंदाजही कॅलिफोर्नियाच्या संघाला देऊन टाकला.

1981 चा एप्रिल उजाडला तेव्हा संघात ओळखीचे चेहरे बोटांवर मोजण्याइतके. 11 विजय आणि 25 पराभव झाल्यावर मॅनेजर जॉनी गोरिलना घरी पाठवलं, बिली गार्डनर आले. फरक फारसा पडला नाही. जूनमध्ये संप सुरू झाला तेव्हा ट्विन्स 17-39 वर, आपल्या गटात तळाला.

आता संपाबद्दल. 12 जूनला खेळाडू मैदानाबाहेर गेले ते 31 जुलैला तडजोड होईपर्यंत. सातशेहून जास्त सामने बुडाले. मालकांचं म्हणणं असं की मोकळा झालेला खेळाडू ज्या संघानं घेतला, त्यानं आपल्याकडचा एखादा खेळाडू भरपाई म्हणून जुन्या संघाला द्यावा. युनियनचे मार्विन मिलर म्हणाले, अशी भरपाई द्यावी लागली तर मोकळ्या खेळाडूला कोण हात लावेल? म्हणजे दिलेलं स्वातंत्र्य मागच्या दारानं परत घ्यायचं. मालकांनी लंडनच्या लॉइड्सकडे संपाचा पाच कोटी डॉलरचा विमाही उतरवलेला होता. विम्याचे पैसे संपत आले आणि तडजोड झाली, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

त्या वर्षी खेळाडूचा सरासरी पगार साधारण 1,85,000 डॉलर होता. एवढे पैसे मिळवणारे कसले संप करतात, असं तेव्हा बरेच अमेरिकन म्हणाले आणि आजही म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. आम्ही भावंडं लालबागची. बाबा गिरणीत साचेखात्यात. हा बेसबॉलचा संप मिटल्यावर सहा महिन्यांच्या आत, 18 जानेवारी 1982 ला, डॉक्टर सामंतांचा संप सुरू झाला, तो कुणी कधी मागे घेतलाच नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगार. आमच्याकडे मालकांना घाई नव्हती, कारण जमीन कापडापेक्षा महाग होत चालली होती. इथं खेळाडूंशिवाय मालकांना विकायला काहीच नव्हतं, आणि खेळाडू एकत्र राहिले. संप कुणाच्या बाजूनं जातो ते पगाराच्या आकड्यावर ठरत नाही. दुसरीकडचा माणूस किती दिवस थांबू शकतो यावर ठरतं. हे मी भाच्याला सांगितलं. बहीण हातातली यादी घडी करत म्हणाली, "दादा, लोअर परळलाही मॉलच झाला की. फिनिक्सची चिमणी ठेवली, इथं खुर्ची ठेवली." मग आम्ही आईसक्रीम घेतलं.

संप मिटल्यावर बेसबॉलवाल्यांनी एक अजब तोडगा काढला. मोसमाचे दोन भाग केले. संपाआधी जे पहिले होते ते पहिल्या भागाचे विजेते, आणि आता सगळ्यांची पाटी कोरी. सहामाहीत दांडी उडालेल्या पोराला वार्षिक परीक्षेत पहिल्यापासून मार्क द्यावेत तसं. यात सिनसिनाटीचं वाटोळं झालं. अख्ख्या वर्षाचा हिशेब धरला तर सर्वांत चांगली कामगिरी त्यांची, 66-42, पण दोन्ही भागांत थोडक्यात दुसरे, म्हणून घरी. उलट कॅन्सस सिटीनं पहिल्या भागात 20-30 अशी माती खाल्ली होती, दुसऱ्या भागात पहिले आले आणि 50-53 अशा तोट्यातल्या हिशेबावर प्लेऑफमध्ये गेले. भाच्याला याचा अजून राग येतो. तो तेव्हा जन्मलाही नव्हता.

ट्विन्सना मात्र हे मानवलं. दुसऱ्या भागात ते 24-29, चौथे. पहिल्या भागाच्या मानानं हे बरंच. आणि इथं एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: खालच्या लीगमधली पोरं युनियनमध्ये नव्हती. वर मैदानं रिकामी पडलेली असताना ती खाली रोज खेळत होती. ट्विन्सच्याच खालच्या संघातला केंट हर्बेक कॅलिफोर्नियात व्हिसालियाला .379 च्या सरासरीनं, म्हणजे दहा खेपांत जवळजवळ चारदा यशस्वी फटका, अशा हिशेबानं चेंडू धोपटत होता. ऑर्लँडोला टिम लॉडनरनं 42 होम रन (आपल्या षटकारासारखे, चेंडू थेट कुंपणापार) मारले. तिथंच गॅरी गायेटी. वरचा संघ तळाला, खिशात पैसे नाहीत, मैदान पुढच्या वर्षी सोडायचंच आहे, मग पोरांना आणून बघायला काय हरकत?

24 ऑगस्टला हर्बेक थेट न्यू यॉर्कला यांकी स्टेडियमवर उतरला. मधल्या सगळ्या पायऱ्या गाळून. बाराव्या इनिंगमध्ये त्यानं होम रन मारून सामना जिंकून दिला. हा मुलगा मॉल आहे त्या ब्लूमिंग्टनचाच, आम्ही आईसक्रीम खात होतो त्या जागेपासून जवळच वाढलेला. चार दिवसांनी लॉडनर आला, त्याचाही पहिल्याच सामन्यात होम रन. 20 सप्टेंबरला टेक्ससमध्ये गायेटीनं आयुष्यातल्या पहिल्याच खेपेला चार्ली हफ या गोलंदाजाचा चेंडू मैदानाबाहेर भिरकावला. सबंध मोसमाचा हिशेब तरी 41-68 असाच लागला. लोकांनी पाठ फिरवली होती. वर्षभरात मैदानावर 4,69,090 माणसं आली, सगळ्या मोठ्या संघांमध्ये सर्वांत कमी.

30 सप्टेंबरला शेवटचा सामना, कॅन्सस सिटीविरुद्ध. 15,900 लोक. 5-2 असा पराभव. रॉय स्मॉलीचा उंच उडालेला झेल घेतला गेला आणि संपलं. त्याच मैदानावर डिसेंबरात फुटबॉलवाल्या व्हायकिंग्जचा शेवटचा सामना झाला, तोही कॅन्सस सिटीच्याच संघाशी, तोही हरले. त्या दिवशी प्रेक्षकांनी स्टेडियम अक्षरशः उचकटून घरी नेलं.

याचा साक्षीदार आम्हाला दुसऱ्या दिवशी भेटला. मॉलच्या खालूनच लाइट रेलची ब्लू लाइन सुटते. विमानतळाखालून बोगद्यातून जाते, मग शहरात शिरते आणि टार्गेट फील्ड या ट्विन्सच्या आजच्या मैदानाच्या दारात उतरवते. वाटेत यूएस बँक स्टेडियमचं स्थानक लागतं. तिथं 2014 पर्यंत मेट्रोडोम होता, 1982 पासूनचं ट्विन्सचं दुसरं घर. म्हणजे एका तिकिटात संघाची तिन्ही घरं. मुंबईच्या माणसाला ही गोष्ट पटकन आवडते. गाडीत बसायला जागा होती, हीसुद्धा.

टार्गेट फील्डवर शेजारच्या खुर्चीत एक सत्तरीचे आजोबा. मी 1981 चं नाव काढताच त्यांनी हॉट डॉग खाली ठेवला. त्या वर्षी एप्रिलमध्ये स्टँडमध्ये इतकी कमी माणसं असायची की खेळाडू एकमेकांना काय ओरडतायत ते वरपर्यंत ऐकू यायचं म्हणाले. आणि व्हायकिंग्जच्या शेवटच्या सामन्याला? "मी पाना घेऊनच गेलो होतो." दोन खुर्च्या सोडवून आणल्या. एक मुलाला दिली. दुसऱ्या खुर्चीवर बायको कुंड्या ठेवते, याबद्दल त्यांची तक्रार होती. संपाचा विषय काढला तर म्हणाले, दोघंही हावरट. पण ग्रिफिथपेक्षा खेळाडू बरे.

ग्रिफिथचा पुतळा इथं मैदानाबाहेर होता. आता नाही. 1978 मध्ये वसीका गावात भाषण करताना त्यांनी काळ्या लोकांबद्दल अत्यंत हिणकस विधानं केली होती. कॅर्यूनं त्यानंतर इथं राहायचं नाही असं ठरवलं. 2020 च्या जूनमध्ये, याच शहरात जॉर्ज फ्लॉइडचा खून झाल्यानंतर, संघानं तो पुतळा हटवला. कंजूषपणामुळे त्यांनी पोरांना संधी दिली, हे खरं आहे. त्यासाठी पुतळा हवाच होता असं मला वाटत नाही.

हर्बेकचा पुतळा आहे, 14 नंबरच्या गेटजवळ, दोन्ही हात वर करून आनंदानं धावणारा. गेटचा नंबर म्हणजे त्याच्या जर्सीचा नंबर. 1987 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, सातवा सामना, मेट्रोडोम. शेवटचा चेंडू जमिनीवरून गायेटीकडे आला, त्यानं पहिल्या बेसवर हर्बेककडे फेकला, आणि सेंट लुईस हरलं. यष्टीमागे, आपल्या भाषेत, लॉडनर होता. 1981 च्या त्या दळभद्री उन्हाळ्यात सात आठवडे मैदानाला कुलूप नसतं, तर हे तिघं याच क्रमानं आले असते का? भाचा म्हणतो, आलेच असते, वर्षभर उशिरा. मला वाटतं संपानं ग्रिफिथना एक निमित्त दिलं: हरलेला हिशेब पुसलेला होता, पोरं घालून हरलं तरी कुणी विचारणार नव्हतं. आमचा वाद ब्लू लाइनमध्ये परतताना विमानतळापर्यंत चालला.

जाणार असाल तर: ब्लू लाइनचं शेवटचं स्थानक मॉलमध्येच आहे, गाडीची गरज नाही. उद्यानात शिरायला पैसे नाहीत, पैसे फक्त राइड्सना. प्लेट शोधताना खाली बघत जा, खुर्ची शोधताना ओंडक्यांची राइड शोधा. सामना बघायचा असेल तर एप्रिलमध्ये जाऊ नका, थंडीनं हाल होतील. सप्टेंबर उत्तम. आणि बूट दुपारी घ्या, सकाळी घेतलेले मग दिवसभर हातात वागवावे लागतात.