पवईतली मुलाखत

आज आयआयटी मुंबईत प्रोजेक्टवरच्या जेआरएफच्या (ज्युनियर रिसर्च फेलो, म्हणजे पगारी संशोधकाच्या) जागेसाठी मुलाखत दिली. कांजूरमार्गला उतरून रिक्षाने मेन गेट गाठलं, तेव्हा साडेआठही वाजले नव्हते.

बाहेर बाकावर नांदेडची एक मुलगी भेटली. तिला या जागेचं कळलं ते एका सीनियरमुळे. अशा जागांच्या जाहिराती संस्थेचे संशोधन प्रकल्प सांभाळणाऱ्या आयआरसीसी या विभागाच्या वेबसाइटवर येत असतात, पण आमच्या कॉलेजात हे कुणी कधी सांगितलंच नाही. फार वाईट वाटतं याचं. नेट किंवा गेट परीक्षा पास असेल तर जेआरएफला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनी एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) झाल्यावर ४२,०००. जागा मात्र कंत्राटी. घरी आधीच सांगून ठेवलंय.

मुलाखतीत सरांनी माझ्या एमटेकच्या कामातला एकच आलेख उचलला आणि वीस मिनिटं त्यावरच विचारत राहिले. "हा बिंदू बाजूला का पडला?" मला येत नव्हतं, तसं सांगितलं. मग फळ्यापाशी उभं राहून त्यांनी ते माझ्याकडूनच सोडवून घेतलं. तो आनंद अजून उतरलेला नाही.

निकाल मेलवर येईल. कुणाला अर्ज करायचा असेल तर मेसेज करा, माझा सीव्ही नमुन्यासाठी पाठवते.